खोडलेले नाव, उरलेला मजकूर

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरांत मोडीचा अंमल होता त्या काळी चुकलेल्या रकमेवर आडवी रेघ ओढून शेजारी खरी रक्कम मांडीत. पोथी लिहिणारा मात्र चुकल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन त्याच जागी नवे अक्षर काढी. दोन्ही रीतींत मूळ अक्षर नाहीसे होत नसे, ते केवळ बाद ठरे.

१९७४ च्या सुमारास अमेरिकेत गॅरी किल्डॉल यांनी ‘सीपी/एम’ ही संगणकप्रणाली रचली, तीतही फाइल खोडणे म्हणजे सूचीतील तिच्या नोंदीच्या पहिल्या घरात २२९ हा अंक घालणे, एवढाच व्यवहार होता. नव्या फ्लॉपीवर मुळातच हा अंक भरलेला असल्याने कोरी जागा आणि खोडलेली जागा एकाच मोलाची ठरे. मजकूर जिथल्या तिथेच राही. १९८१ च्या डॉसनेही हीच वहिवाट पुढे चालविली. योगायोग असा की, भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ठरलेल्या प्रमाणात २२९ हा अंक ओकाराच्या मात्रेस आला आहे. मराठीत कोणतेही नाव मात्रेने आरंभ पावत नाही, म्हणून आपल्यावर संकट ओढवले नाही. जपानी लिपीत मात्र कित्येक चित्राक्षरांचा पूर्वार्ध हाच अंक असल्यामुळे डॉसच्या कर्त्यांना त्या नावांपुरती ५ या अंकाची निराळी तजवीज करावी लागली.

खरा पेच पडे तो हुकूम न मानणाऱ्या फाइलींचा. ‘सीपी/एम’वर बेसिक भाषेतून लहान लिपीत नाव दिलेली फाइल जन्माला येई, पण हुकूम घेणारा कारभारी प्रत्येक अक्षर मोठ्या लिपीत वळवून घेत असल्याने ते नाव त्याला उच्चारताच येत नसे, आणि ज्याचे नाव घेता येत नाही त्याला बडतर्फ कसे करावे? तेव्हा बेसिकमध्येच परत जाऊन तिला काढावे, किंवा नावाच्या जागी प्रश्नचिन्हे मांडून तिला पकडावे, असे दोनच मार्ग उरत. डॉसमध्ये ‘केवळ वाचनार्थ’ शिक्का बसलेल्या फाइलीचा शिक्का ‘अ‍ॅट्रिब’ने उतरवीत, तेही न साधल्यास ‘डीबग’ने सूचीचे पान स्मृतीत उचलून स्वहस्ते अंक बदलीत. या कामात एखादे घर चुकले, तर सबंध फ्लॉपी गमावण्याची पाळी येई.

निपाणीच्या महसुली दप्तराचा इतिहास याहून फार निराळा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि सरकारी नोंदी कन्नडात होऊ लागल्या. १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्रास देण्याची शिफारस केली, पण तिचा अंमल झाला नाही. पुढे नव्या शतकाच्या आरंभी कर्नाटकाच्या ‘भूमी’ योजनेने १७७ तालुक्यांतील सुमारे २ कोटी नोंदी संगणकावर चढविल्या आणि हस्तलिखित उताऱ्यास कायद्याने बाद ठरविले. तरीही वडिलार्जित हक्काचा वाद फार मागे पोहोचला, की वकिलाला अद्याप मोडी जाणणारा म्हातारा शोधत हिंडावे लागते.