नायकाचे पुनरागमन

आमचे वास्तव्य मोशीस आहे. गावाच्या उत्तरेस इंद्रायणी ओलांडली की पुणे-नाशिक रस्ता चाकणास जातो. अंतर तीनचार कोसांचे. परंतु कारखान्यांकडे जाणाऱ्या मालमोटारींच्या रांगेत सापडल्यावर विचारास हवा तेवढा वेळ मिळतो. अशाच एका प्रसंगी आमच्या दोन विद्यार्थ्यांत वाद चालला होता. एकाचे म्हणणे असे की, ‘फर्जंद’ चित्रपटात जे महाराज दिसले तेच पुढल्या चित्रपटांत दिसत नाहीत. दुसरा म्हणाला, “अगदी तेच दिसतात, हीच तर अडचण आहे.” हे दुसरे उत्तर आम्हांस अधिक मार्मिक वाटले.

दिग्पाल लांजेकर यांनी शिवचरित्रावर जी चित्रपटमाला काढली, तिचा क्रम मोठा विलक्षण आहे. ‘फर्जंद’ 2018 साली आला. त्यात 1673 सालची पन्हाळ्याची मोहीम आहे. 2019 च्या ‘फत्तेशिकस्त’मध्ये 1663 सालचा लाल महालावरील छापा, 2022 च्या ‘पावनखिंड’मध्ये 1660 चा घोडखिंडीतील प्रसंग आणि त्याच वर्षीच्या ‘शेर शिवराज’मध्ये 1659 चा अफजलखानवध. पुढे ‘सुभेदार’ 2023 साली आला आणि त्याने प्रेक्षकांस 1670 च्या कोंढाण्यावर नेले. म्हणजे पहिल्या चार चित्रपटांत नायक जसजसा परत येतो तसतसा तो वयाने लहान होत जातो: त्रेचाळीस, तेहतीस, तीस, एकोणतीस. पाचही ठिकाणी महाराजांची भूमिका चिन्मय मांडलेकर यांनीच केली. इतर पात्रांच्या बाबतीत असा नेम नाही. ‘पावनखिंड’मधील बाजीप्रभू आणि ‘सुभेदार’मधील तानाजी ही दोन्ही कामे अजय पूरकर यांची आहेत, आणि प्रेक्षकांनी त्याबद्दल कुरकूर केली नाही. नायकाचा चेहरा मात्र बदलता कामा नये, हा प्रेक्षकांचा अलिखित कायदा होय.

पण चेहरा टिकला म्हणजे स्वभाव टिकला काय? एकोणतीस वर्षांच्या ज्या पुरुषास प्रतापगडाखाली आपण उद्या जिवंत राहू की नाही याची खात्री नव्हती, तो पडद्यावर जणू 1674 चा राज्याभिषेक पाहून आल्यासारखा निश्चिंत बोलतो. ही एकरूपता नव्हे, हे गोठणे आहे. इतिहासातील शिवाजीमहाराज 1663 मध्ये शास्ताखानाच्या शयनगृहात शिरले आणि 1665 मध्ये त्यांनीच पुरंदरास तेवीस किल्ले लिहून दिले. दोन्ही कृत्ये एकाच पुरुषाची आहेत, हे ज्यास दाखविता येईल त्यास स्वभावचित्रण साधले असे आम्ही म्हणू. पुरंदरच्या तहास वाहिलेला चित्रपट या पाचांत नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

नायकास दुसऱ्यांदा रंगभूमीवर आणण्याची हौस नवी नाही. शेक्सपियरने चौथ्या हेन्रीवरील नाटकांत फाल्स्टाफ निर्माण केला आणि पुढे ‘विंडसरच्या’ प्रहसनात त्यास परत आणला. राणी एलिझाबेथच्या इच्छेवरून हे झाले अशी दंतकथा आहे. नाव तेच, पोट तेवढेच. पण राजपुत्रालाही शब्दांत हरविणारा तो म्हातारा दोन गृहिणींच्या हातून धुण्याच्या टोपलीत कोंबला जाऊन टेम्स नदीत पडतो. हा तो नव्हे, असे रसिक आजवर म्हणत आले आहेत. याउलट आमचा भवभूती. ‘महावीरचरित’ातील पराक्रमी राम ‘उत्तररामचरित’ात सीतात्याग करतो आणि जनस्थानात येऊन मूर्च्छित पडतो. कृती उलट, तरी राम तोच. ज्या कर्तव्यनिष्ठेने पूर्वी त्याचा गौरव झाला तिनेच येथे त्याचे हृदय फोडले.

या कसोटीचे आमच्या रस्त्यावरचे उदाहरण म्हणजे चाकणचा फिरंगोजी नरसाळा. 1660 च्या जूनमध्ये शास्ताखानाने चाकणच्या भुईकोटास, म्हणजे संग्रामदुर्गास, वेढा घातला. त्या वेळी महाराज पन्हाळ्यावर अडकलेले. पावनखिंडीचा प्रसंग याच वेढ्याच्या काळातला. मदत येण्याची आशा नाही, किल्ला डोंगरावर नाही, शिबंदी थोडी. तरीही फिरंगोजीने सुमारे पंचावन्न दिवस कोट झुंजविला. अखेर 14 ऑगस्टला सुरुंगाने बुरूज उडाला आणि दुसऱ्या दिवशी कोट गेला. खानाने त्याचे शौर्य पाहून चाकरी देऊ केली. ती नाकारून तो आपल्या धन्याकडे परतला. येथे कोणताही पटकथाकार पूर्वार्ध संपवील, आणि योग्यच करील.

उत्तरार्ध 1679 सालचा, सांगली जिल्ह्यातील भूपाळगडाचा. परंपरा सांगते की तेथील किल्लेदारी फिरंगोजीकडे होती. दिलेरखान चालून आला, आणि त्याच्याबरोबर युवराज संभाजीराजे होते. आदल्या डिसेंबरातच ते मोगलांस मिळाले होते. धन्याच्या पुत्रावर तोफ कशी डागावी, या विचाराने फिरंगोजीचा हात थांबला आणि तो गड सोडून गेला, अशी हकीगत आहे. किल्ला पडला. दिलेरखानाने हाती लागलेल्यांपैकी सुमारे सातशे जणांचा एकेक हात तोडविला.

चाकणला फिरंगोजीने धन्यासाठी शत्रूची चाकरी झिडकारली. भूपाळगडावर धन्याच्याच घराण्यासाठी त्याने शस्त्र खाली ठेवले. मूळ एकच, म्हणून तो स्वभावास जागला असे आम्ही मानतो. पण किल्लेदाराच्या पदास तो जागला नाही, आणि त्याची किंमत ज्यांनी दिली त्यांना कोणी विचारले नव्हते. गड राजपुत्राहून मोठा, हे ज्या महाराजांनी त्यास शिकविले असावे त्यांना ही वार्ता ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पडद्यावर हा प्रसंग आलाच, तर फिरंगोजी अखेरपर्यंत लढून पडला असे दाखविण्याचा मोह कोणास आवरणार? टाळ्या मिळतील, चाकणचा नायक परत आला असे म्हणतील, आणि फिरंगोजी मात्र हरवेल.

एवढे बोलणे होईतो रांग हलली. चाकणच्या दाट वस्तीत कोटाचे थोडे अवशेष उरले आहेत, ते पाहण्यास आम्ही उतरलो. पहिल्या विद्यार्थ्यास चित्रपटलेखनाची हौस आहे. त्याने विचारले, “मग सर, दुसरा भाग सुरू कोठून करू?” आम्ही म्हटले, “त्या सातशेंपैकी एखादा चाकणलाही त्याच्याबरोबर लढला होता असे धर, आणि तो घरी परतला त्या दिवसापासून सुरू कर.”