जुना राउटर फेकू नका: वायरलेस ब्रिज म्हणजे काय?

कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं, दगडी भिंतींचं. राउटर पुढच्या सोप्यात आणि बहिणीचा कॉम्प्युटर पार मागच्या खोलीत. त्याला वायफाय नाहीच, फक्त लॅन पोर्ट. तिची ऑनलाइन टेस्ट दोन दिवसांवर आलेली, आणि भिंतीला भोक पाडून केबल टाकायला आईचा ठाम नकार. मग माळ्यावरचा जुना राउटर खाली काढला.

वायरलेस ब्रिज म्हणजे हवेतली लॅन केबल समजा. दुसरा राउटर पहिल्याचं वायफाय पकडतो आणि आपल्या लॅन पोर्टमधून कॉम्प्युटर, टीव्ही, प्रिंटरला नेट देतो. रिपीटर वेगळा. तो तेच वायफाय पुढे पसरवतो, आणि एकाच रेडिओवर चालत असेल तर स्पीड साधारण निम्मा होतो.

दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूडीएस’, ‘क्लायंट’ किंवा ‘ब्रिज’ असा ऑप्शन शोधा. पहिल्याचा आयपी १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्या आणि त्याचं डीएचसीपी बंद करा. मी नेमकं हेच विसरलो! कॉम्प्युटरला पत्ता चुकीच्या राउटरने दिला. ‘कनेक्टेड’ दिसायचं, पण नेट नाही. त्यात अख्खी संध्याकाळ गेली. डब्ल्यूडीएस वापरणार असाल तर पहिल्या राउटरचा चॅनलही ऑटोवर न ठेवता फिक्स करा.

दगडी भिंत असेल तर २.४ गिगाहर्ट्झच घ्या. ५ गिगाहर्ट्झला वेग जास्त, पण भिंतीपुढे त्याचा दम निघतो. आणि राउटर कॉम्प्युटरला चिकटून ठेवू नका. मी तो दाराच्या रेषेत ठेवला, लांब लॅन केबल ओढली, आणि टेस्ट संपेपर्यंत नेट एकदाही तुटलं नाही.