मधला स्पीकर कशासाठी?

नांदेड असो की लातूर, बैठकीत होम थिएटर आलं की तक्रार ठरलेली: गाणी दणदणीत, पण डायलॉगच कळंना!

याचं उत्तर नव्वद वर्षं जुनं आहे. १९३२ साली कोल्हापूरच्या 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आणला. तेव्हा सगळा आवाज एकाच चॅनेलचा. पुढच्याच वर्षी, २७ एप्रिल १९३३ ला, अमेरिकेत बेल लॅब्जने फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला. तीन माइक, तीन स्पीकर.

मधला कशाला? दोनच स्पीकर असले की कडेला बसलेल्याला सगळा आवाज जवळच्याच स्पीकरमधून आल्यासारखा वाटतो. पुढे सिनेमागृहांनीही संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरकडे सोपवले.

म्हणून सेंटर घेताना तो डाव्या-उजव्यांच्याच मालिकेतला घ्या. नाहीतर पात्र पडद्यावर सरकलं की त्याचा आवाजच बदलतो. तो टीव्हीखाली, तोंड कानाकडे करून ठेवा, कपाटात कोंडू नका.

एकटेच समोर मधोमध बसत असाल, तर दोन स्पीकरही पुरतात. पण कोपऱ्यातल्या बाजेवरून आजीही सिनेमा बघत असेल, तर आधी सेंटर, सबवूफर नंतर!