पायगाडीची कहाणी

आमचे आष्टी हे हुतात्म्यांचे गाव. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, ऐन नागपंचमीला, येथील जनता पोलीस ठाण्यावर चालून गेली आणि गोळीबारात गावाने आपली माणसे गमावली. त्यांच्या स्मरणाच्या फेरीत गेल्या खेपेस मी मुलांच्या पुढे चालत होतो. घोषणा देता देता मला अशी धाप लागली की अर्धी घोषणा घशातच राहिली. सहावीतल्या एका मुलाने ती पुरी केली आणि वर म्हणाला, “गुरुजी, तुम्ही बसा थोडं.” इतिहास शिकवणाऱ्या माणसाला याहून मोठा टोमणा कोणता?

त्याच संध्याकाळी पडवीत अडगळीला पडलेली जुनी सायकल बाहेर काढली. आमचे वडील तिला पायगाडी म्हणत. मला तोच शब्द अधिक आवडतो, कारण त्यात कष्ट कोणी करायचे ते स्पष्ट सांगितलेले आहे.

या पायगाडीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस याने लाकडी दुचाकी केली. तिला पायटे नव्हतेच. स्वार पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जाई. पायटे आले १८६० नंतरच्या दशकात, पॅरिसमध्ये, तेही पुढच्या चाकाला. १८८५ साली इंग्लंडात स्टार्ली याने दोन्ही चाके जवळजवळ सारखी करून साखळीने मागचे चाक फिरवले. १८८८ साली डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला. पायांना श्रम कमी पडावेत म्हणून एवढा खटाटोप झाला. आज पायांना श्रम पडावेत म्हणून आपण तिच्यावर बसतो! काळाने उलटी मांड घातली ती अशी.

आपल्याकडे मात्र फार पूर्वीच काही तरुणांनी सायकल आणि शरीरसाधना यांची सांगड घातली. मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबातील सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी जगप्रदक्षिणेला निघाले. वाळवंटे, आल्प्स पर्वत, अमेरिका, जपान, चीन असे करीत १९२८ च्या मार्चमध्ये तिघे परत मुंबईस पोचले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा ही त्यांची नावे. सुमारे ४४,००० मैलांचा प्रवास झाला. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. अलीकडे, २०१५ साली, नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी शर्यत जोडीने पुरी केली. २०१७ साली आमच्या शेजारच्या नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत संपवली.

हे वाचून कोणी उद्याच नागपूर गाठू नये. मी ती चूक केली आहे. पहिल्याच दिवशी उत्साहाने तळेगावच्या वाटेला लागलो आणि परत येताना सायकल हातात धरून चालत आलो. पुढचे दोन दिवस वर्गात खुर्ची सोडली नाही. मग शहाणा झालो. दहा मिनिटांपासून सुरुवात केली आणि दर आठवड्यास थोडी थोडी भर घातली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. म्हणजे रोज अर्धा तास आणि दोन दिवस सुट्टी. आमच्या शाळेच्या वेळापत्रकाहून हे सोपे आहे. वेग किती असावा? शेजाऱ्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका.

बैठक ठेंगणी ठेवू नका. पायटा तळाशी गेला असता गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. नाहीतर गुडघे कुरकुरतात आणि माणूस सायकलीला दोष देतो. शरीराचा पुष्कळसा भार बैठकीवर जात असल्यामुळे, बैठक नीट असेल तर धावण्यापेक्षा गुडघ्यांना हा व्यायाम सोसतो. मांड्यांचे स्नायू राबू लागले की रक्तातील साखर ओढून घेतात आणि हृदयालाही कामाची सवय लागते. मात्र छातीत दुखत असेल किंवा जुना आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि मगच टांग टाकावी.

आता पहाटे संत्र्यांच्या बागांच्या कडेने जातो, तेव्हा पूर्वी मोटारसायकलीवरून कधी न दिसलेले कितीतरी दिसते. वजन फारसे उतरलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. परंतु शाळेचा जिना चढून गेल्यावर हजेरी घेताना आता मध्येच थांबावे लागत नाही.

घरोघरी करंज्या-चकल्यांचे डबे उघडले आहेत. वाचकहो, फराळ अवश्य करा. फक्त मामाच्या घरी फराळाला जाताना, घर गावातच असेल तर, पडवीतली पायगाडी काढा. मी नागपंचमीची वाट पाहतो आहे. त्या मुलाने शेजारी चालावे, पण घोषणा मात्र पुरी मीच देणार.