कॅरिअरवरचं बिऱ्हाड

पायमोजे, एक जादा शर्ट, एक रेनकोट आणि एक रिव्हॉल्व्हर. २२ एप्रिल १८८४ रोजी टॉमस स्टीव्हन्स सॅन फ्रान्सिस्कोहून सायकलवर निघाला, तेव्हा त्याचं सामान जवळपास एवढंच होतं. रेनकोट पावसात अंगावर, रात्री डोक्यावर तंबू म्हणून आणि अंगाखाली वळकटी म्हणून. सायकल कोलंबिया बनावटीची. पुढचं चाक ५० इंची, म्हणजे जवळजवळ सव्वा मीटर उंच, आणि मागचं एवढंसं. गिअर नाहीत, हवेचे टायर नाहीत, चाकांना भरीव रबर. ४ ऑगस्टला तो बोस्टनला पोचला. सायकलवरून अख्खी अमेरिका ओलांडणारा तो पहिला माणूस.

आमच्या सायकलवाल्या मित्रांच्या ग्रुपवर टूरच्या आधी एक स्प्रेडशीट फिरते. वस्तू, वजन ग्रॅममध्ये, किंमत. टूथब्रशची अर्धी दांडी कापावी का, यावर त्यात तासभर वाद होऊ शकतो. या शीटमध्ये स्टीव्हन्सची यादी भरली तर तो आम्हां सगळ्यांना हरवेल. कार्बन फायबर, टायटॅनियमची भांडी आणि मुठीत मावणारी स्लीपिंग बॅग यांतलं काहीच नसताना त्याला हे कसं जमलं?

थोडं उत्तर सायकलमध्ये आहे. उंच चाकाच्या सायकलवर स्वार पुढच्या चाकाच्या जवळजवळ डोक्यावर बसतो. चाक दगडाला अडलं की माणूस हँडलवरून थेट तोंडावर. त्यात हँडलला जड गाठोडं बांधलं की संपलंच. सामान लादायला जागाच नसल्यामुळे कमी सामान हा काही त्याचा बाणा नव्हता, नाइलाज होता.

उरलेलं उत्तर रस्त्यात आहे. अमेरिकेच्या पूर्वेला पश्चिमेशी जोडणारी रेल्वे १८६९मध्येच पुरी झाली होती. पश्चिमेकडच्या ओसाड मुलखात स्टीव्हन्स बराच काळ याच रेल्वेच्या आधारानं चालला. ‘चालला’ हा शब्द मुद्दाम वापरलाय, कारण एकूण वाटेपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाट त्यानं सायकल ढकलत कापली. सिएरा नेवाडाच्या डोंगरात बर्फापासून बचावासाठी रुळांवर लाकडी छपरं घातलेली होती. त्या अंधाऱ्या बोगद्यांतून तो पायी गेला आणि गाडी आली की भिंतीला चिकटून उभा राहिला. जेवणखाण आणि झोप रेल्वे कामगारांच्या घरांत, गुरांच्या रँचवर, वाटेतल्या गावांत.

माझ्या धंद्यात हा प्रकार रोज दिसतो. एखादं ॲप दहा एमबीचं असतं, कारण त्याचं खरं काम दूर कुठल्यातरी सर्व्हरवर चाललेलं असतं. नेट गेलं की ते दहा एमबी नुसते आयकॉनपुरते उरतात. स्टीव्हन्सचंही तसंच होतं. त्याची चूल, त्याचं अंथरूण, त्याचं घर रस्त्यावर आधीच मांडून ठेवलेलं होतं, फक्त ते दुसऱ्यांच्या मालकीचं होतं.

पुढे तो जगप्रदक्षिणेला निघाला. १८८५मध्ये लिव्हरपूल, मग युरोप, तुर्कस्तान, इराण. अफगाणिस्तानात त्याला अडवून परत इराणच्या हद्दीत सोडण्यात आलं. मग वळसा घालून तो बोटीनं कराचीला उतरला, रेल्वेनं लाहोरला गेला आणि १८८६च्या पावसाळ्यात ग्रँड ट्रंक रोडनं थेट कलकत्त्यापर्यंत सायकल हाणली. इथे त्याला अमेरिकेपेक्षा सपाट रस्ता मिळाला आणि मुक्कामाला डाक बंगले मिळाले. डाक बंगले सरकारी अंमलदार आणि गोऱ्या प्रवाशांच्या सोयीसाठीच होते. स्टीव्हन्स जन्मानं इंग्रज. त्याच्यासाठी दार उघडायचं, पंखा ओढणारा माणूसही हजर असायचा. १७ डिसेंबर १८८६ला योकोहामात त्याचा प्रवास संपला. त्याच्या गाठोड्याचं वजन करताना ही उघडी दारंही तराजूत टाकायला हवीत. रेनकोट कुणीही विकत घेऊ शकला असता. डाक बंगल्याची किल्ली मात्र कातडीच्या रंगात होती.

कपड्यांचा इतिहास पाहिला की हे आणखी स्पष्ट होतं. १८७८मध्ये इंग्लंडमध्ये सायकल प्रवाशांचा एक क्लब निघाला, जो पुढे सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब म्हणून ओळखला गेला. त्याचा गणवेश ठरला: गडद हिरव्या सर्जचा कोट आणि गुडघ्यापर्यंतची विजार. तेव्हाचे रस्ते मातीचे. हिरव्यावर धूळ फार दिसायची म्हणून पुढे रंग बदलून करडा केला. क्लबनं ठिकठिकाणच्या हॉटेलांशी बोलून सभासदांसाठी दर ठरवले होते. त्यामुळे अंगावरचा गणवेश पाहून हॉटेलवाल्याला कळायचं, की धुळीनं माखलेला हा माणूस भटक्या नाही, गिऱ्हाईक आहे. म्हणजे कोट थंडीपासून वाचवायचा, तसाच तो दार उघडायचाही.

पण हे दार सगळ्यांना सारखं उघडत नव्हतं. २७ ऑक्टोबर १८९८ रोजी सरे परगण्यातल्या ऑकम गावी लेडी हार्बर्टन ‘हॉटबॉय’ नावाच्या हॉटेलात जेवायला गेल्या. त्या सायकलवरून आल्या होत्या आणि अंगात लांब झग्याऐवजी ढगळ विजार होती. मालकिणीनं त्यांना कॉफी रूममध्ये बसू दिलं नाही, दारूच्या बारला लागून असलेली खोली दाखवली. हॉटेल क्लबच्या यादीतलं आणि बाई क्लबच्या सभासद. क्लबनं खटला भरला. १८९९मध्ये क्लब हरला, कारण बाईंना बसायला दुसरी खोली देऊ केली होती असं ज्युरीनं मानलं. लेडी हार्बर्टन साध्यासुध्या बाई नव्हत्या. बायकांच्या सुटसुटीत कपड्यांसाठी १८८१मध्ये निघालेल्या संस्थेच्या त्या संस्थापक, वर सरदार घराण्यातल्या. त्यांची ही गत, तर गिरणीत काम करणाऱ्या मुलीचं काय झालं असतं?

या कपड्यांचा आणि वजनाचा सरळ संबंध आहे, तो ॲनी लंडनडेरीच्या प्रवासात दिसतो. तिचं खरं नाव ॲनी कोपचोव्हस्की, तीन मुलांची आई. २७ जून १८९४ला बॉस्टनहून ती जगप्रवासाला निघाली. ‘लंडनडेरी’ हे एका बाटलीबंद पाण्याच्या कंपनीचं नाव. सायकलवर पाटी लावायची आणि ते आडनाव मिरवायचं, याचे तिला १०० डॉलर मिळाले. सामान म्हणजे कपड्यांचा एक जोड आणि एक रिव्हॉल्व्हर. अंगावर लांब स्कर्ट, त्यामुळे सायकल बायकांची, ४२ पौंडांची, म्हणजे १९ किलोंची. शिकागोपर्यंत पोचता पोचता सप्टेंबर संपत आला. तिथे तिनं २१ पौंडांची पुरुषी सायकल घेतली, बरोबर निम्म्या वजनाची. पण पुरुषी सायकलला आडवा दांडा असतो आणि स्कर्ट घालून त्यावर बसता येत नाही. म्हणून आधी स्कर्ट सोडला, ढगळ विजार घातली, पुढे तर पुरुषी पोशाखच. बराचसा प्रवास तिनं बोटीनं आणि रेल्वेनं केला, हे खरं. पण साडेनऊ किलो वजन कमी करायला तिला इंजिनिअर लागला नाही. लोक काय म्हणतील हे ओझं तिनं उतरवलं, आणि त्यासोबत लोखंडही उतरलं.

मग याच काळात एका माणसानं उलटा विचार केला. दार उघडेल की नाही याची वाट कशाला बघायची? घरच सोबत नेऊ.

टॉमस हायरम होल्डिंग हा लंडनमधला शिंपी. १८५३मध्ये, नऊ वर्षांचा असताना, तो आईवडिलांसोबत बैलगाड्यांच्या तांड्यातून अमेरिकेची गवताळ मैदानं ओलांडून गेला होता. उघड्यावर राहण्याची गोडी तिथली. मोठेपणी त्यानं होडी घेऊन स्कॉटलंड पालथं घातलं, आणि १८९७मध्ये काही साथीदारांसह आयर्लंडमधल्या कॉनेमारात सायकलवर तंबू लादून फिरला. तोवर सायकल बदलली होती. १८८५च्या सुमाराला दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल आली आणि १८८८मध्ये डनलॉपनं हवेचा टायर आणला. स्वार खाली आला, मागच्या चाकावर कॅरिअर बसवता आला. तरीही तेव्हाचे तंबू म्हणजे लष्करी कॅनव्हासची धुडं, ती वाहायला खेचर लागायचं. होल्डिंगनं शिंप्याच्या नजरेनं पाहिलं. कापड रेशमाचं घ्यावं, बेतताना इंचाइंचाचा हिशेब करावा आणि खांब बांबूचे, एकात एक सरकणारे. सोबतीला चूलही बदलली होती. १८९२च्या सुमाराला स्वीडनमध्ये प्रायमस स्टोव्ह निघाला. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात भरभर आवाज करणारा, पंप मारायचा तो पितळी स्टोव्ह, त्याचा हा पूर्वज. काजळी न धरणारी निळी ज्योत मिळाली आणि ओल्या लाकडांवर फुंकर घालत डोळे लाल करून घेणं थांबलं.

१८९८मध्ये होल्डिंगनं कॉनेमाराच्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. त्यातून समविचारी लोक गोळा झाले आणि १९०१मध्ये सायकल-कॅम्पर्सची संघटना निघाली. वाँटिज गावी भरलेल्या पहिल्या शिबिराला हजेरी होती सहा जणांची. ब्रिटनमधला आजचा कॅम्पिंगचा मोठा क्लब हे याच रोपट्याचं झाड. १९०८मध्ये त्यानं कॅम्पिंगचं जाडजूड मार्गदर्शक पुस्तकही लिहिलं.

स्टीव्हन्सपेक्षा होल्डिंगचं सामान जास्त होतं, पण त्याला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं. गेली सव्वाशे वर्षं सायकल-प्रवाशांचे वाद याच दोन टोकांमध्ये फिरतायत. हलकं व्हायचं असेल तर माणसांवर अवलंबून राहा. स्वतंत्र व्हायचं असेल तर वजन ओढा.

या वादात मुंबईचंही एक पान आहे. १५ ऑक्टोबर १९२३ला बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भमगरा हे तिघं १८ मार्च १९२८ला प्रवास पुरा करून परतले. सुमारे ७१,००० किलोमीटर. इराण, इराक, सीरियाचं वाळवंट, सिनाई, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश. १९३१मध्ये त्यांचं ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ हे पुस्तक आलं, त्याला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे.

साडेचार वर्षांचं पॅकिंग कसं करायचं? याचं उत्तर एका अर्थी सोपं आहे: दहा दिवसांचं करतात तसंच. सायकल जेवढं वाहू शकते तेवढंच वाहते, दिवस वाढले म्हणून कॅरिअर वाढत नाही. बाकी सगळं वाटेत मिळवायचं, दुरुस्त करायचं, मागायचं. आणि हे तिघं गुलाम देशाचे नागरिक होते. स्टीव्हन्ससाठी साम्राज्यानं जी दारं आधीच उघडून ठेवली होती, त्यांतलं एकही त्यांना गृहीत धरता येत नव्हतं. त्यांच्या आणि स्टीव्हन्सच्या कॅरिअरवर एकच रेनकोट बांधला असता, तरी दोघांचं ओझं सारखं नसतं.

माझी सगळ्यात आवडती यादी मात्र १९६३ची आहे. आयर्लंडच्या डर्व्हला मर्फीला दहाव्या वाढदिवसाला सायकल आणि नकाशांचं पुस्तक मिळालं, आणि आपण सायकलवर भारतात जायचं हे तिनं तेव्हाच ठरवलं. पण आजारी आईच्या सेवेत वर्षं गेली. आई वारल्यावर, एकतिसाव्या वर्षी, जानेवारीत ती ‘रॉझ’ नावाची सायकल घेऊन निघाली आणि जुलैत दिल्लीला पोचली. निघण्याआधी तिनं दोन गोष्टी केल्या. जादा टायर सोबत न घेता वाटेतल्या शहरांत आधीच पाठवून दिले. आणि सायकलचे गिअर काढून टाकले, कारण पुढच्या रस्त्यांवर ते टिकले नसते.

सायकलवर गिअर असले की चढ सोपा होतो, हे कुणीही सांगेल. पण जी गोष्ट मोडल्यावर हजार किलोमीटरच्या टापूत कुणी दुरुस्त करू शकणार नाही, ती सोबत असणं हेच एक ओझं, मग वजनकाट्यावर ती कितीही हलकी भरो. युगोस्लाव्हियाच्या बर्फात लांडगे अंगावर आले तेव्हा तिचं पिस्तूल कामी आलं. बाकीच्या वाटेवर कामी आली ती मुख्यतः माणसं: तुर्की, इराणी, अफगाण, पठाण.

आज आमच्या शीटमध्ये पिस्तूल नाही. त्या जागी फोन आणि पॉवर बँक आहे. नकाशा, पैसे, भाषांतर, हॉटेल, घरी खुशाली, सगळं दोनशे ग्रॅममध्ये. स्टीव्हन्सपेक्षाही आम्ही हलके, आणि म्हणूनच जास्त अवलंबून. फक्त कुणावर ते आता दिसत नाही. रेंज गेलेल्या घाटात संध्याकाळी चेन तुटली की मग दिसतं. तेव्हा समोर येतो तो चहाच्या टपरीवाला, शाळेच्या व्हरांड्याची चावी असलेला शिपाई, नाहीतर ‘देवळात झोपा की’ म्हणणारे एखादे आजोबा.

म्हणून त्या स्प्रेडशीटमध्ये वजन आणि किमतीच्या शेजारी मी आणखी एक कॉलम टाकलाय: ‘हे नसेल तर कुणाकडे मागणार?’ काही रकाने पटकन भरले. पंक्चरचं सामान: कुठलाही ट्रकवाला. पांघरूण: कुठलंही घर. मग ग्रुपमधल्या एका मैत्रिणीनं खाली तिचा स्वतःचा रकाना जोडला आणि रात्रीच्या मुक्कामासमोर लिहिलं, ‘मी मागू शकत नाही.’ तिच्या यादीत तंबू आहे, कुलूप आहे, मोठा टॉर्च आहे. तिचं सामान माझ्यापेक्षा साडेतीन किलोंनी जास्त भरतं. ते साडेतीन किलो कमी करायचं काम कुठल्याही कंपनीच्या नव्या कापडानं होणार नाही. ते रस्त्यावरच्या दारांनी करायचंय.