तोतया पेशी

छत्रपती संभाजीनगराहून वेरूळकडे जातांना वाटेंत देवगिरीचा किल्ला लागतो. तेथील खंदक आणि ‘अंधारी’ ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना शरीराच्या संरक्षणाची कल्पना सहज येईल. आपल्या रक्तांतही पहारेकरी आहेत आणि आप्त कोण, परका कोण, हें ते ओळखतात. पण शत्रु दिसतांच ते नेमकें काय करतात, हें पहावयाचें कसें?

एके काळीं त्यासाठीं स्वतःचाच देह पणास लावावा लागे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. डॉ. हाफकिन यांनीं भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत, उष्णतेनें मारलेल्या जंतूंची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या. पण ते बचावले.

पुढल्याच वर्षीं, १८९८ सालीं, पॅरिसमध्यें ज्यूल बोर्दे यांनीं दाखविलें कीं, प्रतिपिंड आणि रक्तद्रवांतील ‘पूरक’ हा घटक एकत्र आले म्हणजे परक्या तांबड्या पेशी फुटतात. परंतु घाव पेशीच्या कवचावर बसतो, कीं आंतील दुसरें कांहीं बिघडून ती फुटते? जिवंत पेशींत घटक इतके, कीं याचा निवाडा करणें कठीण होतें.

मार्ग सांपडला तो अंड्याच्या बलकांत असणाऱ्या लेसिथिनसारख्या स्निग्ध पदार्थांमुळें. ते पाण्यांत मिसळले कीं पेशीच्या कवचासारखे पोकळ बुडबुडे आपोआप बनतात, हें केंब्रिजजवळ ॲलेक बँगहॅम यांना १९६१ च्या सुमारास आढळलें. १९६८ सालीं अमेरिकेंत किन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मेंढीच्या तांबड्या पेशींतील स्निग्ध द्रव्यांचे असेच बुडबुडे करून त्यांत ग्लुकोज कोंडलें. प्रतिपिंड आणि पूरक दोन्ही घातल्यावर ग्लुकोज बाहेर आलें. एकटें एक घातलें तेव्हां नाहीं. अर्थात् घाव कवचावरच बसतो. त्यासाठीं पेशी जिवंत असावी लागत नाहीं.

वेष शत्रूचा, पण आंत शत्रु नाहीं, हीच युक्ति आज लसींतही दिसते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या आर-२१ या हिवतापाच्या लसीस २०२३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें शिफारस दिली. तिच्यांत विषाणूसारखे दिसणारे कण असून त्यांवर हिवतापाच्या परजीवीच्या प्रथिनाचा केवळ एक अंश असतो. परजीवी मुळींच नसतो.

तोतयाची साक्ष त्याच्या वेषापुरतीच खरी. म्हणून लस अखेर माणसांवर तपासावीच लागते. पण हाफकिन यांना जें स्वतःच्या देहाला विचारावें लागलें, त्यांतील बरेंचसें आज एका निर्जीव बुडबुड्याला विचारतां येतें.