दुहेरी अधिकाराचा कलह व त्यापासून घ्यावयाचा बोध

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं पूर्वजांच्या पुण्याईचें स्मरण करणें हें आपलें कर्तव्यच होय. परंतु ज्या घराण्यांत केवळ वडिलांचे पराक्रमच सांगितले जातात व त्यांच्या चुका झांकून ठेविल्या जातात, त्या घराण्यांतील मुलें त्याच चुका पुनः करितात. म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांपुढें आपल्या पवित्र सभेच्या इतिहासांतील एक दुःखद प्रकरण मांडण्याचें योजिलें आहे. तें म्हणजे मुंबई व आसपासच्या मुलखांतील दुहेरी अधिकाराचा कलह. हा कलह दीडशें वर्षांहून अधिक काळ चालला. आणि नवल असें कीं, तो श्रद्धेच्या एकाही कलमाविषयीं नव्हता. दोन्ही पक्षांची मिस्सा एक, साक्रामेंतें एक, पोपमहाराज एक. वाद होता तो एवढाच, कीं आमच्यावर अधिकार कोणाचा?

या वादाचें मूळ समजून घेतलें पाहिजे. सोळाव्या शतकांत पोपमहाराजांनीं पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील ख्रिस्तसभेचें पालकत्व दिलें. मंदिरें बांधावीं, धर्मगुरूंचा खर्च चालवावा, आणि त्याच्या मोबदल्यांत बिशपांच्या नेमणुकीसाठीं नांवें सुचवावीं, अशी ही योजना होती. तिलाच पाद्रोआदो म्हणतात. १५३४ सालीं गोव्याची धर्मप्रांत म्हणून स्थापना झाली व पुढें त्या शतकांतच ती आर्चबिशपांची गादी झाली. परंतु पोर्तुगालची सत्ता जसजशी ओसरूं लागली, तसतसा हा भार त्या राजाच्या खांद्यांना पेलेनासा झाला. १६२२ सालीं रोम येथें श्रद्धाप्रसाराचें मंडळ, म्हणजे प्रोपगांदा, स्थापन झालें. आणि त्या मंडळानें स्वतःचे अपोस्तलिक व्हिकर हिंदुस्थानांत पाठविण्यास आरंभ केला. राजा म्हणे, हक्क माझा. मंडळ म्हणे, आत्म्यांची काळजी आमची. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य होतें. आणि जेथें दोन्ही बाजूंस थोडें थोडें सत्य असतें, तेथेंच भांडण लवकर मिटत नाहीं.

मुंबई बेट इंग्रजांच्या हातीं गेल्यावर या वादास नवी धार आली. गोव्याच्या आर्चबिशपांचे पाद्री म्हणजे पोर्तुगालचे हस्तक, असा संशय कंपनी सरकारास येऊं लागला. १७२० सालीं गव्हर्नर बून यानें फ्रान्सिस्कन पाद्रींना बेटांतून घालवून दिलें व कार्मेलाईट संघाच्या अपोस्तलिक व्हिकरांस पाचारण केलें. १७८९ सालीं अधिकार पुनः गोव्याकडे गेला. १७९१ सालीं तो परत कार्मेलाईटांस मिळाला. आणि अखेरीस १७९४ सालीं सरकारनें मंदिरांचीच वांटणी करून टाकली. माजगांवचें ग्लोरिया व दादरचें साल्व्हासांव हीं गोव्याकडे. काव्हेलचें एस्पेरांसा व माहीमचें संत मायकल हीं व्हिकरांकडे. भाऊ वडिलोपार्जित शेताची वांटणी करितात, तशी ही प्रभूच्या घराची वांटणी झाली. आणि ती करून देणारा पंच कोण, तर ज्याला आपल्या श्रद्धेशीं कर्तव्य नाहीं असा परधर्मपंथी व्यापारी! दोघांच्या भांडणांत तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं स्वतःच्या खर्चानें खरी करून दाखविली.

येथें एका पक्षास सर्वस्वी दोष देऊन चालणार नाहीं. १७३९ सालीं वसईचा किल्ला मराठ्यांनीं घेतल्यावर युरोपियन पाद्री बहुतेक निघून गेले. त्यानंतर साष्टी व वसईच्या गांवोगांवीं मिस्सा चालू ठेविली, बालकांस बाप्तिस्मा दिला, मरणोन्मुखांच्या उशाशीं जाऊन बसले, ते गोव्याहून आलेले एतद्देशीय धर्मगुरू. त्यांचे उपकार आपण विसरूं नयेत. अशा सेवकांना कोणी उपरे म्हटलें, तर त्यांच्या मनास लागणें स्वाभाविक होतें. उलटपक्षीं व्हिकरांचाही अधिकार प्रत्यक्ष पोपमहाराजांकडून आलेला. तो सोडून देणें त्यांच्याही हातीं नव्हतें.

१८३४ सालीं पोर्तुगालनें आपल्या राज्यांतील धर्मसंघ बंद केले. त्यानंतर १८३८ सालीं पोप सोळावे ग्रेगरी यांनीं आज्ञापत्र काढून हिंदुस्थानांतील पाद्रोआदोच्या कित्येक गाद्यांचा अधिकार काढून घेतला व तो व्हिकरांकडे सोंपविला. आतां तरी वाद मिटावयास पाहिजे होता. पण तो अधिकच पेटला. राजाची संमति नाहीं, तेव्हां हें आज्ञापत्र आम्हांस बंधनकारक नाहीं, असें गोव्याच्या पक्षांतील मंडळी म्हणूं लागली. कांहींनीं तर तें खरेंच आहे कीं नाहीं, याविषयींही शंका काढिली. ज्याला आज्ञा मानावयाची नसते, त्याला कागदांत दोष सांपडतोच!

याचा कळस १८५३ सालीं माहीम येथें झाला. त्या वेळीं मुंबईचे बिशप कापुचिन संघाचे अनास्तासियुस हार्टमन हे होते. हे विद्वान व तपस्वी पुरुष. १८५० सालीं मुंबईंत निघालेलें व अद्यापि चालू असलेलें कॅथोलिक साप्ताहिक ‘एक्झॅमिनर’ हें त्यांच्याच काळचें. संत मायकलचें मंदिर विरुद्ध पक्ष घेणार, असें दिसतांच बिशपसाहेब स्वतः मंदिरांत जाऊन बसले व प्राण गेला तरी जागा सोडणार नाहीं, असा त्यांनीं निश्चय केला. बाहेर विरुद्ध पक्षाचा वेढा पडला. आंतले कॅथोलिक, बाहेरचेही कॅथोलिक. आंत तीच रोझरी, बाहेरही तीच रोझरी. असे कित्येक दिवस गेले. शेवटीं मुलकी अधिकाऱ्यांनीं मध्यें पडून दार उघडविलें व मंदिर पाद्रोआदोच्या हातीं गेलें. त्याच वर्षीं पोप नववे पायस यांनीं मुंबईंतील चार धर्मगुरूंस नांवानिशीं कडक ताकीद दिली. तथापि भांडण संपलें नाहीं. कारण शिक्षेनें माणूस गप्प बसतो, पण त्याचें मन वळतेंच असें नाहीं.

१८८६ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं पोर्तुगालशीं करार केला. त्यान्वयें दमणचा धर्मप्रांत निर्माण झाला; साष्टी व वसईचीं गांवें आणि मुंबई बेटांतील पाद्रोआदोचीं मंदिरें त्याच्याकडे गेलीं; मुंबईस वेगळे आर्चबिशप आले. यामुळें उघड हाणामारी थांबली, पण दुहेरीपण तसेंच राहिलें. एकाच वस्तींत दोन मंदिरें, दोन व्हिकार, दोन बिशप. माणूस कोठें राहतो यावरून नव्हे, तर तो कोणाच्या पक्षांत जन्मला यावरून त्याचा धर्मगुरू ठरे. एका भिंतीआड राहणारे दोन शेजारी रविवारीं सकाळीं दोन दिशांना जात आणि आपलीच वाट खरी असें समजत. लेकरांना प्रभूचें नांव शिकविण्याआधीं पक्षाचें नांव शिकविलें जाई, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

हा गुंता सुटला तो बळानें नव्हे, तर देण्याघेण्यानें. १९२८ सालच्या करारानें दमणचा धर्मप्रांत मुंबईंत विलीन झाला व दुहेरी अधिकार संपला. मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीनें एकदां पोर्तुगीज व एकदां ब्रिटिश असावेत, असें त्या वेळीं ठरलें. त्याप्रमाणें प्रथम आर्चबिशप लिमा व नंतर १९३७ सालीं येशूसंघाचे आर्चबिशप रॉबर्ट्स आले. रॉबर्ट्स यांना दिसून आलें, कीं या देशाच्या ख्रिस्तसभेचा मेंढपाळ याच देशाचा असला पाहिजे. आणि आपण निघून गेलों, तर पाळीप्रमाणें पुनः परका येणार. तेव्हां १९४६ सालीं व्हालेरियन ग्रेशियस हे साहाय्यक बिशप झाल्यावर त्यांनीं सर्व कारभार त्यांच्यावर सोंपविला व आपण शहरापासून दूर राहिले. १९५० सालीं पोर्तुगालनें हिंदुस्थानांतील हे हक्क सोडले. त्याच वर्षीं रॉबर्ट्स यांनीं राजीनामा दिला आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ सालीं ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. हे ग्रेशियस गोमंतकीय आईबापांचे पुत्र. ज्या गोव्याच्या नांवानें एवढें रणकंदन माजलें, त्या गोव्याचा वंशज एकवटलेल्या मुंबईचा मेंढपाळ झाला; आणि त्याला वाट करून दिली ती एका इंग्रजानें, आपली खुर्ची आपण होऊन रिकामी करून! दीडशें वर्षांत जें वेढ्यांनीं व ताकिदींनीं साधलें नाहीं, तें करारानें व एका माणसाच्या निरिच्छतेनें साधलें.

यापासून आपण काय शिकावें? संत पौलानें आपला शिष्य तीत यास उपदेश केला आहे, कीं निरर्थक वादांपासून दूर राहावें. आणि फूट पाडणाऱ्या मनुष्यास एकदां, दोनदां बोध करून तो ऐकत नसेल, तर त्याचा नाद सोडावा. हा उपदेश सोपा दिसतो, पण त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधीं बोध, मग दुरावा. आपण बहुधा उलट करितों: आधीं दुरावा धरितों, मग पाठीमागें निंदा करितों, आणि बोध करावयाचें राहूनच जातें.

कोणताही वाद उत्पन्न झाला कीं प्रथम विचारावें: हा श्रद्धेचा प्रश्न आहे, कीं मानाचा? श्रद्धेचा असेल तर त्याचा निर्णय पवित्र सभेनें करावयाचा. मानाचा असेल तर तो सोडून द्यावयाचा. सणाच्या मिरवणुकींत पुढें कोण चालावें, मंडळाचा अध्यक्ष कोणीं व्हावें, देणगीदारांच्या फलकावर कोणाचें नांव वर असावें, अशा गोष्टींवरून आजही घरें तुटतात. माहीमच्या वेढ्याला आपण हंसतों. परंतु त्याची लहान आवृत्ति आपल्या अंगणांत चालू नाहीं ना, हें पाहावें.

दुसरें, भांडखोर माणसाचें म्हणणें एकदां शांतपणें ऐकून घ्यावें. गोव्याच्या धर्मगुरूंच्या हट्टामागें खरें दुःख होतें. तें वेळीं कोणी ऐकलें असतें, तर हट्ट कदाचित् इतका वाढला नसता. पण ऐकून घेणें म्हणजे त्याच्या हातीं कारभार देणें नव्हे. ज्याला वाद हवाच असतो, त्याला श्रोते मिळूं देऊं नयेत. सरपण घातलें नाहीं, तर आग आपोआप विझते. तिसरें, घरचा तंटा बाहेरच्या पंचाकडे नेण्यापूर्वीं शंभर वेळां विचार करावा. १७९४ ची वांटणी आठवावी. आणि चौथें, दूर गेलेल्यासाठीं दार लावून घेऊं नये. त्याच्यासाठीं प्रार्थना चालू ठेवावी, त्याच्या घरच्या मरणाला व लग्नाला जावें. कारण करार कागदावर होतात, पण समेट ओटीवर होतो.

आज माहीमच्या संत मायकलच्या मंदिरांत दर बुधवारीं नोव्हेनाला हजारों भाविक जातात. आपल्यापैकीं किती जणांना तेथील त्या वेढ्याची आठवण असते? ज्या जागीं बंधु बंधूविरुद्ध उभा राहिला, त्याच जागीं आज सर्व जातिधर्मांचे लोक एका मातेपुढें गुडघे टेकतात. परमेश्वराची कृपा आपल्या भांडणांपेक्षां मोठी आहे, याचें याहून निराळें प्रमाण कशाला पाहिजे? आपल्या धर्मग्रामाची पुढील ज्युबिली जे साजरी करतील, त्यांना आपल्याविषयीं लिहितांना वेढ्याची गोष्ट लिहावी लागूं नये, एवढेंच मागणें आज वेदीपुढें मागूं या.